आधी अर्थ बघा

मिशिगनमध्ये एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रस्ते पहिल्यांदा कोरडे दिसतात. कडेचा करडा बर्फ वितळून गेलेला असतो, पण डांबरावरचा मिठाचा पांढुरका थर तसाच असतो. एखादा दमदार पाऊस पडेपर्यंत तो हलत नाही. अशाच एका सकाळी मी गॅरेजचं दार उघडून गाडी बाहेर काढली. दोन आसनांची, लांब नाकाची, पुढे व्ही-एट इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद अशी अठरा वर्षांची स्पोर्ट्स कार. माझ्याकडे ती तिसऱ्या हाताने आली. चाळिशी उलटल्यावर, मुलीच्या कॉलेजचे पैसे बाजूला काढून झाल्यावर, फक्त स्वतःसाठी म्हणून घेतलेली आयुष्यातली पहिली वस्तू.

गल्लीच्या टोकाशी वळले, दुसरा गिअर टाकला, आणि डॅशबोर्डवर एकामागोमाग तीन दिवे लागले. आधी घसरणाऱ्या गाडीचं चित्र, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, ताकद देताना चाक गरगर फिरू न देणारी यंत्रणा. मग एबीएस, ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी. मग पिवळं इंजिन, म्हणजे इंजिनात बिघाड. त्याच क्षणी गाडीतली जान गेली. ॲक्सिलरेटर दाबला तरी ती उचलेना. मागच्याने हॉर्न दिला. रांगत रांगत मी ती कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून त्या तीन दिव्यांकडे बघत बसले.

हे दिवे केव्हा लागावेत हे ठरवणं हाच गेली सतरा वर्षं माझा व्यवसाय आहे.

इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला बराच मोठा भाग इंजिन चालवतच नाही. तो नुसता पाहत असतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची हे दुसरा भाग बघतो. हा भाग फक्त विचारतो की जे सांगितलं ते झालं का, आणि दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत का. मी थ्रॉटलसाठी, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेसाठी, हे प्रश्न लिहिते. पूर्वी पायाखालच्या पॅडलपासून इंजिनापर्यंत एक केबल जायची. आता केबल नाही. पॅडलमधले सेन्सर कॉम्प्युटरला सांगतात, आणि कॉम्प्युटर एका छोट्या मोटरला हवेची झडप उघडायला लावतो. झडपेवरही दोन सेन्सर असतात, एकमेकांवर लक्ष ठेवायला. मी सांगितलं झडप इतकी उघड, ती तितकी उघडली नाही, आणि हा फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ राहिला, तर कोड टाक, म्हणजे त्या तक्रारीचा ठरलेला क्रमांक नोंदव, दिवा लाव आणि इंजिनाची ताकद आवळून धर. ताकद आवळायची कारण झडपेवर भरवसा उरलेला नाही. माणसाने ब्रेक दाबलेला असताना झडप आपोआप उघडी राहणं याइतकं भीतीदायक आमच्या कामात काही नाही.

हा कोड म्हणजे पी२१०१. त्याच्या नावात थ्रॉटलची मोटर येते, म्हणून तो दिसला की दहातले नऊ जण थ्रॉटल बॉडी, म्हणजे मोटरसकट अख्खी झडप, बदलायला निघतात. पण तो लिहिताना आम्ही 'मोटर गेली' असं कुठेही म्हटलेलं नसतं. आम्ही फक्त एवढं म्हटलेलं असतं की सांगितलेलं आणि घडलेलं जुळलं नाही. का जुळलं नाही, हे ओळखायची सोय बहुतेक वेळा कॉम्प्युटरकडे नसते. कोड ही तक्रार असते, आणि लोक तिला निकाल समजून वाचतात.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे पी०१७१. इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, इतकंच तो सांगतो. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण धरलेलं असतं. ऑक्सिजन सेन्सर धुरात उरलेला प्राणवायू मोजतो आणि बिचारा खरं बोलतो. मग लोक त्या खरं बोलणाऱ्यालाच काढून नवीन बसवतात. चीर मात्र पडलेली असते हवेच्या रबरी नळीला. शंभर डॉलरच्या सेन्सरनंतर तोच कोड परत आला की म्हणतात, हे कॉम्प्युटरवाले काहीतरीच लिहितात. सतरा वर्षं मी हे ऐकते आहे आणि अजून मला वाईट वाटतं.

ही सगळी व्यवस्था मुळात गाडीच्या मालकासाठी जन्मालाच आलेली नाही. तिचा उगम लॉस एंजेलिसच्या आकाशात आहे. १९४०च्या दशकात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं तपकिरी धुकं उतरायला लागलं. कॅलटेकमधले हागन-स्मिट नावाचे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अननसाचा वास आणि चव कशाने येते याचा अभ्यास करत होते. त्यांनी ते काम बाजूला ठेवून हवेचा तपास सुरू केला आणि दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की हे धुकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ स्थापन झालं, तेव्हा ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच मंडळाने नंतर नियम केला की गाडी विकताना स्वच्छ असून भागणार नाही, ती अस्वच्छ झाली तर तिने स्वतः सांगितलं पाहिजे. १९८८च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात याची सुरुवात झाली आणि १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-टू, म्हणजे गाडीने स्वतःला तपासून बिघाड सांगायची व्यवस्था, लागू झालं. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा जो सॉकेट असतो, तो या नियमाचा. भारतातही २०१३पासून मोटारींना ओबीडी-टू आलं. पुण्यातल्या गॅरेजमध्ये पोऱ्या कोड वाचायचा स्कॅनर लावतो तेव्हा तो नकळत त्या अननसवाल्या माणसाच्या शोधाशी जोडला जातो. मला हे फार आवडतं.

ट्रॅक्शनच्या दिव्याचं कुळ वेगळं. तो हवेसाठी नाही, जिवासाठी आहे. १९७८मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आलं. ब्रेक मारताना लॉक होणारं चाक ओळखता येत असेल, तर ताकद देताना गरगर फिरणारं चाकही ओळखता येईल, या साध्या विचारातून पुढे ट्रॅक्शन कंट्रोल आलं. १९९५मध्ये गाडीची एकूण दिशाच सांभाळणारी यंत्रणा आली आणि २०१२च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक मोटारीत ती सक्तीची झाली. चारही चाकांशी दातेरी किंवा चुंबकी चकती आणि तिच्यासमोर एक सेन्सर. मागचं चाक पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरतंय असं दिसलं की ब्रेकचा कॉम्प्युटर त्या चाकाला हलकेच धरतो, आणि त्याच वेळी इंजिनाच्या कॉम्प्युटरला निरोप धाडतो की ताकद कमी कर. तो ठिणगी उशिरा पाडतो, झडप मिटतो.

या निरोपामुळेच दोन दिवे एकदम लागतात. इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणाला, माझ्या थ्रॉटलचा भरवसा नाही, तर ब्रेकचा कॉम्प्युटर विचार करतो की मग मी ताकद कमी करायची कुणाच्या जिवावर? तो ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतो आणि तसं दिवा लावून सांगतो. उलटही होतं. ब्रेकवाला गप्प झाला की इंजिनवाला लिहून ठेवतो, याच्याशी बोलणं होत नाही. घरातल्या भांडणासारखं आहे हे. सगळे बोलतात, म्हणून सगळे दोषी नसतात. आधी कोण बोललं ते बघावं लागतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही पुढचा महिनाभर मी चुकत गेले.

गाडी आधी जवळच्या एका गॅरेजात नेली, कारण ती चालतच नव्हती. त्यांनी तीन कोड दिले. पी२१०१. ब्रेकच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटल्याचा यू०१२१. आणि ब्रेकच्या कॉम्प्युटरमध्ये कमी व्होल्टेजचा एक कोड. त्यावर सल्ला होता थ्रॉटल बॉडी आणि ब्रेक मॉड्यूल, म्हणजे ब्रेकचा कॉम्प्युटर, दोन्ही बदलण्याचा. खर्च २,८०० डॉलर. मी नको म्हणून घरी आले. पण मनातून त्यातला अर्धा भाग मला पटलेला होता. थ्रॉटलचा कोड हे माझं क्षेत्र. अठरा वर्षांची मोटर थकली असेल, दातेरी चक्रं झिजली असतील. ऑनलाइन थ्रॉटल बॉडी मागवली, शनिवारी दुपारी चार बोल्ट काढून बसवली, कोड पुसले. गाडी छान पळाली. नऊ दिवस.

कोड पुसणं ही माझी मोठी चूक. कोडबरोबर कॉम्प्युटर त्या क्षणाचं एक चित्र साठवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्या वेळी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती फेऱ्यांवर होतं, पाणी किती गरम, व्होल्टेज किती. कोड पुसला की तेही पुसलं जातं. घटनास्थळ धुऊन काढायचं आणि मग तपासाला बसायचं, असं ते झालं. ऑफिसात मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते की आधी वाचा, लिहून काढा, मगच पुसा. त्या शनिवारी मला घाई झाली होती. ऊन पडलं होतं आणि मला गाडी चालवायची होती.

नऊ दिवस दिवे लागले नाहीत. ते नऊही दिवस कोरडे गेले होते. दहाव्या रात्री पाऊस पडला. सकाळी तोच रस्ता, तेच वळण, तेच तीन दिवे. या वेळी मी कडेला थांबून आधी सगळं वहीत उतरवलं. वेग ताशी १२ मैल. इंजिनातलं पाणी ९ अंश. व्होल्टेज १०.२.

त्या शेवटच्या आकड्यापाशी मी थांबायला हवं होतं. थांबलेही, पण घरी येऊन बॅटरीवर मीटर लावला तर इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट. बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठणठणीत. म्हणून मी तो आकडा बाजूला ठेवला. मग अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, तारा तपासल्या. बॅटरीच्या ऋण टोकापासून ब्रेक मॉड्यूलच्या अर्थिंगच्या पिनेपर्यंत रोध मोजला. ०.३ ओहम. मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या तरी ०.२ दाखवतोच, म्हणजे अर्थिंग चांगलं, असं मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त मेकॅनिक राहतात. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या. आमच्या घरात आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. त्यांना त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते लाजले होते. मी काय काम करते हे त्यांना माहीत आहे, आणि त्यावरून आमचं बरंच बोलणं होतं. एकदा ते म्हणाले होते, "तू लिहितेस आणि मी वाचतो. मधल्या माणसाने भाषांतर चुकीचं केलंय." मधला माणूस म्हणजे कोडखाली छापलेलं ते एका ओळीचं वर्णन.

रविवारी ते आले. आधी गुडघ्यांवर बसून टायरांवरचे आकडे वाचले. या गाडीत मागचे टायर पुढच्यांपेक्षा मोठे असतात. कुणी चुकीच्या मापाचे बसवले तर चाकांच्या वेगाचं गणित बिघडतं आणि ट्रॅक्शन कंट्रोलला गाडी कायम घसरतेय असं वाटत राहतं. टायर बरोबर होते. मग त्यांनी माझी वही मागितली, शांतपणे सगळं वाचलं आणि विचारलं, "दिवे लागायच्या आधी काही ऐकू आलं?"

आलं होतं. दोन्ही वेळा वळणाच्या पुढे पायाखालून एक बारीक खर्र असा आवाज. तो तर रोजच येतो. गाडी सुरू करून पहिल्यांदा थोडा वेग घेतला की ब्रेकचा कॉम्प्युटर आपला पंप क्षणभर फिरवून बघतो, ही त्याची रोजची हजेरी. माझ्या कानांना त्याची सवय होती म्हणून मी ते लिहिलंच नव्हतं.

"तो पंप किती करंट ओढतो?"

"तीस-चाळीस अँपियर."

"आणि तुझा मीटर रोध मोजताना किती करंट सोडतो?"

मी काही बोलले नाही. मिलिअँपियर सोडतो, एका अँपियरचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. तेवढा करंट जायला तांब्याचा एक धागा शाबूत असला तरी पुरतो. मास्तरांनी खिशातून हेडलाइटचा एक जुना बल्ब काढला. त्याला दोन तारा डाग देऊन जोडलेल्या होत्या आणि टोकांना चिमटे.

तो बल्ब बघून मी एकदम पुण्यात गेले.

कॉलेजच्या दिवसांत माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती. साइड इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद व्हायचा, ब्रेक दाबला की हॉर्न रडायचा. कर्वे रोडच्या एका बोळात एक वायरमन काका बसायचे. पत्र्याची पेटी, वर छत्री, आणि पेटीवर वायरी जोडलेला एक बल्ब. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते, त्यामुळे त्यांना सांगायला लागले की रेग्युलेटर गेला असणार. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, आधी अर्थ बघा. अर्थ लूज असला ना, की सगळीच गाडी खोटं बोलते." बल्बचं एक टोक बॅटरीला, दुसरं हेडलाइटच्या काळ्या तारेला. बल्ब मिणमिणला. इंजिनावर टेकवलं तर झगझगीत पेटला. तारेच्या टोकाचं थिंबल काढून पॉलिश पेपरने घासून परत कसलं. दहा रुपये. माझ्याकडे तेव्हा कॉलेजचा डिजिटल मीटर होता आणि त्याचा मला अभिमानही होता. काकांच्या बल्बला आकडे नव्हते, पण तो चार अँपियर ओढून तारेला कामाला लावत होता. माझा मीटर तारेला नुसतं विचारत होता, बरी आहेस ना?

अर्थ या शब्दात इंग्रजी जमीन आणि मराठी आशय दोन्ही मावतात, हे तेव्हाही मला सुचलं होतं. वीस वर्षांपूर्वी वहीच्या कडेला लिहूनही ठेवलं होतं बहुतेक.

मास्तरांनी बल्बचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरं मॉड्यूलच्या अर्थिंगच्या तारेला लावलं. मी मीटर व्होल्टवर ठेवून त्याची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी त्याच तारेवर धरली. अर्थिंग चांगलं असेल तर या दोहोंत जवळजवळ काहीच फरक दिसू नये. ०.१, फार तर ०.२ व्होल्ट. मीटर म्हणाला ०.४४. बल्ब ५५ वॅटचा, म्हणजे साधारण साडेचार अँपियर. भागाकार तोंडीच होतो. एक दशांश ओहम. ०.३मधून ०.२ वजा केल्यावर जो ०.१ उरत होता, जो मी मीटरच्या नावावर खपवून खाली रेघ मारली होती, तोच. आकडा माझ्या वहीत तीन दिवस पडून होता.

मग मी लॅपटॉपवरून पंपाला हुकूम दिला. खर्र. मीटर उडी मारून ३.९वर गेला. १४.१ वजा ३.९ म्हणजे १०.२. मास्तरांनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

पुढचा जिना आता आपोआप दिसत होता. बॅटरी नीट, अल्टरनेटर नीट, पण पंप फिरला की त्याचा सगळा करंट त्या अडलेल्या वाटेने परत जायला बघायचा आणि अर्थिंगची तारच जवळजवळ चार व्होल्ट वर उचलली जायची. ब्रेकच्या कॉम्प्युटरला वाटायचं व्होल्टेज कमी झालं. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. पंप सुरू होतानाचा पहिला झटका तर मीटरला दिसतो त्याहून मोठा. त्यात तो क्षणभर गप्प व्हायचा आणि इंजिनवाला यू०१२१ लिहायचा. आणि या गाडीत इंजिनाच्या कॉम्प्युटरचं अर्थिंग त्याच बोल्टवर होतं. त्याच्या थ्रॉटलच्या मोटरला नेमकी त्या क्षणी ताकद कमी पडायची, झडप सांगितल्या जागी वेळेत पोचायची नाही, आणि मी लिहिते तशा एका कोडने आपलं काम चोख बजावून गाडी आवळून धरली. तिघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नव्हतं.

बोल्ट पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, चॅसीच्या पट्टीवर. चाक काढलं, प्लास्टिकचं आवरण खाली घेतलं. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. थिंबल घट्ट होतं, हलत नव्हतं. मास्तरांनी तारेचं काळं आवरण नखाने दाबलं तर ते पोकळ वाटलं. ब्लेडने चिरलं आणि आतून हिरवी भुकटी सांडली.

आजीच्या घरी पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली आणि कुणी त्यात ताक ठेवलं तर ते कळकायचं. रंग हिरवट, जिभेवर तुरट चरचर. मग दारावरून जाणाऱ्या कल्हईवाल्याला हाक मारायची. तो भाता फुंकून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतून चांदी करायचा. गाडीच्या चांगल्या थिंबलांवर अशीच कथलाची कल्हई असते, तांबं उघडं पडू नये म्हणून. इथे ती केव्हाच उडाली होती. खारं पाणी एकदा आवरणाच्या कडेतून आत शिरलं की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं धाग्याधाग्यांतून चढत जातं. थिंबलपासून चार बोटं वरपर्यंत तांबं काळं पडलं होतं. मूठभर धाग्यांपैकी लाल चमकणारे मोजकेच उरले होते.

हे मीठही इथलंच. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे जो समुद्र होता त्याचं मीठ. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते वर काढायला सुरुवात झाली, आणि हिवाळ्यात ते रस्त्यांवर पडतं. ज्या शहराने मोटार घरोघरी पोचवली, त्याच शहराच्या पोटातलं मीठ मोटारी खातंय. मी त्यावर राग धरू शकत नाही. बर्फ पडलेल्या रात्री त्याच मिठामुळे माझी मुलगी घरी पोचते. पण या गाडीच्या आधीच्या मालकांपैकी कुणीतरी ती हिवाळ्यात चालवली होती आणि वसंतात खालून धुतली नव्हती. तो हिशेब त्या हिरव्या भुकटीत लिहिलेला होता.

दुरुस्तीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. लाल तांबं लागेपर्यंत तार कापली, तेवढाच नवा तुकडा जोडला, कल्हईचं नवं थिंबल दाबून बसवलं, आतून गोंद असलेली नळी तापवून आवळली, पट्टीवरचा रंग आणि गंज घासून उघडं लोखंड केलं, बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस. नऊ डॉलरचं सामान. पंप परत फिरवला तेव्हा मीटर ०.०५वर. जुनी थ्रॉटल बॉडी मी पुसून डब्यात ठेवली. तिच्यात काहीही बिघडलेलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात मी आमच्याच एका कोडची दुरुस्ती-पुस्तिकेसाठीची पानं उघडली. पहिल्या पायरीत मीच कधीतरी लिहिलं होतं, 'अर्थिंगचा रोध मोजा'. ते मी खोडलं आणि लिहिलं, 'भार देऊन अर्थिंगवरचा व्होल्टेजचा फरक मोजा'. रिव्ह्यूमध्ये एका सहकाऱ्याने विचारलं की याला स्कॅनरने हुकूम देता यायला हवा, प्रत्येकाकडे तसा स्कॅनर असतो का? मी म्हटलं, मग बल्ब वापरा, तेही लिहू. लिहिलं. सगळ्या पायऱ्यांच्या वर एक ओळ वाढवली की फ्रीझ फ्रेम उतरवून घेतल्याशिवाय कोड पुसू नये. मजकूर मंजूर व्हायला तीन आठवडे लागले. वर्णनाची ती एक ओळ मात्र बदलता येत नाही. ती सगळ्या जगासाठी एकच ठरलेली आहे, आणि एका ओळीत जेवढं मावतं तेवढंच तिच्यात मावतं. खालची पानं तरी आपल्या हातात आहेत.

कोड मी पुसले नाहीत. मागच्या वेळच्या घाईचं ते प्रायश्चित्त म्हणा. बिघाड दुरुस्त झाला तर इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतःच काही फेऱ्या तपासून बघतो आणि दिवा विझवतो. पहिल्या दोन्ही फेऱ्यांना वळण घेताना छातीत धडधडलं. खर्र झालं, मी श्वास धरला, आणि गाडी नुसती पुढे गेली. तिसऱ्या फेरीनंतर पिवळं इंजिन विझलं. ब्रेकचा दिवा तर पहिल्याच दिवशी गेला होता.

मे महिन्यात एका रविवारी संध्याकाळी धो धो पाऊस आला. मी मास्तरांच्या दारात गाडी उभी केली आणि हॉर्न दिला. ते पायात रबरी बूट घालूनच आले. शाळेमागचं मोकळं पार्किंग पाण्याने चकाकत होतं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये, स्टिअरिंग सरळ ठेवून, मी ॲक्सिलरेटर हवा त्यापेक्षा जास्त दाबला. मागची चाकं सुटली, गाडीची शेपूट हातभर डावीकडे गेली, आणि डॅशबोर्डवरचं ते घसरणाऱ्या गाडीचं चित्र लुकलुकायला लागलं. दिवा स्थिर जळतो तेव्हा यंत्रणा बंद असते. लुकलुकतो तेव्हा ती काम करत असते. पायाखाली पंप खरखरला, इंजिनाचा आवाज कुणी तोंडावर हात ठेवावा तसा दबला, शेपूट जागेवर आली. दिवा विझला.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"परत एकदा," ते म्हणाले.